सासूबाई गप्प झाल्या

प्रिय धाकटे,

फोनवर बोलायला गेले की तुझा दादा कान टवकारून बसतो, म्हणून हा कागदाचा खटाटोप. लाँड्रीत काम उदंड आहे. हॉस्पिटलच्या चादरी होत्याच, त्यात आता हॉटेलांची भर पडलीय. डोकं खाजवायला फुरसत नाही.

बाबा गेल्यापासून तुझ्या दादाला सुधारणांचं वेड लागलंय. पंख्याची जागा बदलली, कपडे वाळवायच्या दोऱ्या बदलल्या, वजनकाटा तर इतका दुरुस्त केला की आता तो सगळ्यांनाच बारीक ठरवतो. मी हसून सोडून दिलं. मग त्याची नजर बॉयलरवर गेली. बॉयलरच्या डोक्यावरची झडप आठवते ना, जादा वाफ बाहेर सोडणारी? दिवसभर फुसफुसायची. बाबा तिला ‘माझ्या सासूबाई’ म्हणायचे. त्या कुरकुरतायत तोवर घर सुखरूप, गप्प झाल्या की पळा, म्हणायचे, आणि आपण हसायचो. शेवटच्या आजारपणात मात्र त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, की बॉयलरचा पत्रा आतून पातळ झालाय, म्हणून झडप मीच सैल ठेवलीय. कमी वाफेत भागतंय, तिला कुणी हात लावू नका. मी तुझ्या दादाला शब्दन् शब्द सांगितलं. तो म्हणाला, बाबा तेव्हा भ्रमातच होते.

त्याने झडप आवळली. पुन्हा कुणी सैल करू नये म्हणून वर वेल्डिंगचा टाकाही मारून घेतला. आता सासूबाई गप्प आहेत. काम खरंच भराभर उरकतं, आणि तो मला रोज विचारतो, बघ, झालं का काही? खिडकीच्या काचा दिवसभर बारीक थरथरतात. जुन्या मिस्त्रींना बोलावलं, तर त्यांनी वाफेच्या दाबाच्या काट्याकडे एकदाच पाहिलं आणि चहा तसाच टाकून निघून गेले. मी भांडले, रडले, अन्न सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी. मला फार भीती वाटते गं.

परवा मी इस्त्रीच्या बायकांना खरं ते सांगून टाकलं. काल एकही आली नाही. तुझ्या दादाने तरी बॉयलर पेटवलाच, आणि एकटाच चादरी ओढत बसला. त्याला तसं टाकून मला निघवत नाही, म्हणून आजपासून इस्त्रीवर मी उभी राहणार आहे. हे पत्र तुझ्या हातात देणारी माझी पोर आत्ता समोर बसली असेल. तिला वाटतंय, आपण आत्याकडे सुट्टीला आलोय. तिच्या पिशवीत थंडीचे कपडेही आहेत, आणि अगदी तळाशी शाळेचा दाखला. तिला ठेवून घे. तिच्यासमोर रडू नकोस.

तुझीच,
वहिनी