हुंगलेली फुलं

उदगीर, रविवार संध्याकाळ

सुटलो एकदाचा. चार दिवस छातीवर दगड होता.

मी पुण्यात हॉटेलात कामाला आहे, एवढंच वडिलांना, म्हणजे अप्पांना, ठाऊक असं धरून चाललो होतो. तिथल्या बारमध्ये ग्लास भरतो हे त्यांना सांगायची हिंमतच झाली नाही. आणि यंदा सुट्टीत ते कामही घरी आणलं. नव्या मेनूसाठी जिनचं एक कॉकटेल बसवायचंय, इंग्रजांच्या बागेत बसल्यासारखं वाटावं असं. काकडी, पुदिना, लिंबू जमलं. फूल ठरेना. म्हणून रोज पहाटे अंगणात जाऊन गुलाब, जाई, मोगरा, सगळं झाडावरच हुंगत होतो. जिनची बाटली बॅगेत, कपड्यांखाली.

इकडे अप्पांची परडी रोज हलकी होत गेली. काल लिंगपूजेला नुसता बेल. माझ्याशी बोलणंही तुटक. बाटली सापडली असणार, दुसरं काय?

आज सकाळी चहा पिताना म्हणाले, "तू दारूचं काम करतूस, मला कवाच कळलंय. पर झाडावरची फुलं हुंगत जाऊ नको. हुंगलेलं फूल देवाला कसं वाहू?"

हे तर त्यांनीच लहानपणी शिकवलेलं. मी विसरलो कसा?

आत्ता ओट्यावर परडी दिसली, मोगऱ्याच्या कळ्यांनी भरलेली. तिच्याशेजारी एक वाटी, तीही भरलेली.

"परडीला नाक लावू नको," अप्पा म्हणाले. "वाटी तुझी. हुंग किती हुंगायचं ते."

मोगराच घालायचा. ठरलं.