पाय मागायचा असतो

अप्पा, मी घोडीला बूट घालते. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. आख्ख्या वसईच्या टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या माणसाची मुलगी घोडीच्या खुरांवर रबरी बूट चढवते आणि वाकून पट्टे आवळते, हे बघून तुम्ही पचकन थुंकला असतात, माहीत आहे मला. पण करू काय? ही वरातीतली घोडी. डांबरी रस्त्यावर बँडबरोबर नाचवून नाचवून, नालावर नाल ठोकून तिच्या खुरांची पार चाळण करून टाकली होती मेल्यांनी. खिळा धरेल एवढी जागासुद्धा उरली नव्हती. मी तिला भुईगावला आपल्या वाडीत आणली, तेव्हा डॉक्टरांनी तळव्यावर नुसता अंगठा दाबला तर तिने पाय खेचून घेतला. ते म्हणाले, "हिला अनवाणी दगडावर नेऊ नका. तळवा एकदा फाटला तर ही उभी राहायची नाही. मग कायमचं झोपवावं लागेल." म्हणून बूट. मऊ वाळूवर ती हलक्या अंगाच्या माणसाला घेऊन चालते, तेवढं चालणं तिला हवंच आहे. रविवारी मी स्वतः लगाम धरून तिला किनाऱ्यावर नेते.

बूट घालायचं मी कुणाकडून शिकले नाही, चुकत चुकत शिकले. खूर घासून गोल करायचा, बूट चढवायचा, मागचा पट्टा आवळायचा, मग दोन्ही हातांनी धुण्यासारखा पिळून बघायचा. फिरला तर सैल. पण त्याआधीची एक गोष्ट मात्र तुमची, हाडात मुरलेली. खुराला हात लावायच्या आधी जनावर वाडीतल्या तळ्यात, बावखलात, उभं करायचं. तुम्ही म्हणायचात, "पानी पिऊ दे खुराला. सुका खूर म्हंजे दगड, सुरी चालायची नाय." गेल्या रविवारीही मी तेच केलं. घोडी बावखलात निवांत उभी राहिली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर काढून बूट चढवले तर असे घट्ट बसले की पिळता हलेनात. वा गं बाई, म्हटलं, अप्पा असते तर मान्य केलं असतं त्यांनी.

त्या दिवशी एव्हरशाईन सिटीच्या इमारतींमधली एक मुलगी आली होती, पहिल्यांदाच घोड्यावर बसणारी. जाताना किनाऱ्यावरचा ओहळ घोटाभर होता. पुढे तापलेल्या कोरड्या वाळूत आम्ही बरंच लांब गेलो, मुलीला मजा येत होती, फोटो काढायचे होते, आणि मीही नादावले. परतताना भरती लागलेली. ओहळाच्या मध्यावर आलोय, पाणी माझ्या गुडघ्याला, आणि घोडी एकदम थांबते. डावा पुढचा पाय अधांतरी धरून. खाली हात घालते तर बूट अर्धा फिरून घोट्याला लटकतोय. त्या ओहळात तळाला दगड, आणि दगडांवर कालवांचे शिंपले, कोयत्यासारखी धार त्यांना. पाय टेकला तर तळवा फाटला. लटकत्या बुटावर पाय पडला तर घोडी मुलीसकट आडवी.

"ताई, ही थांबली का? पाणी वाढतंय ना यार!"

"उतर. हळू. माझा खांदा धर. आता लगाम धर, सैल धर, आणि ओरडू नकोस."

"ही मला चावणार नाही ना?"

"तू गप्प राहिलीस तर नाही चावणार!" खेकसलेच मी तिच्यावर. मी घाईघाईने पाय ओढला. घोडीने कान मागे टाकले आणि हिसका दिला, माझ्या हातातून पाय सुटता सुटता राहिला.

आणि मला टांगास्टँड आठवला. मी चौथी-पाचवीत असेन. तुम्ही कानस शोधत होतात, मी हुशारी करून एका तांबड्या घोडीचा पाय ओढला. तुम्ही हातोडीच्या दांड्याने माझ्या बोटांवर मारलंत. "ओढतेस? तुझा ओढू का पाय? मागायचा असतो!" मग तुम्ही तिच्या खांद्याला खांदा टेकवलात, जरासा भार दिलात आणि म्हणालात, "दे गं बाय. दे माझी." तिने पाय दिला. घरी आईने माझ्या सुजलेल्या बोटांना हळद लावली. तुम्ही शेजारी बसून जेवत होतात, बोटांकडे बघितलंसुद्धा नाहीत.

पाणी मांडीला लागलं होतं. मी घोडीच्या खांद्याला खांदा टेकवला. "दे गं बाय. दे माझी." ती थरथरत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिचा भार उजवीकडे सरकला आणि पाय अलगद माझ्या हातात आला. मी तो पाण्याच्या वर उचलून मांडीवर घेतला, बुटातली वाळू झटकली, गळ्यातली ओढणी खुराला घट्ट गुंडाळली, वरून बूट दाबून चढवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पट्टा ओढला. पलीकडच्या वाळूवर पोचेपर्यंत मी प्रत्येक पावलाला देवाचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तळवा दाबून बघितला. घोडीने पाय खेचला नाही. मी मात्र वाडीत बूट पुन्हा पुन्हा घालून बघितला, तेव्हा चूक कळली. भिजलेला खूर फुगतो, उन्हात सुकला की आकसतो, आणि सकाळी घट्ट बसलेला बूट दुपारी गरगर फिरतो. तुमचं बावखल सुरीसाठी, खिळ्यांसाठी बरोबर होतं, अप्पा. बुटासाठी नाही. आता मी सुक्या खुरावर, विहिरीजवळच्या लादीवर बूट बसवते, आणि गल्लीच्या टोकाला पोचलं की पुन्हा पिळून बघते. तुमची एक रीत मोडली. रागवा हवं तर.

हे तुम्ही असताना मला बोलता आलं नसतं, आणि आता पाठवायला पत्ता नाही. पण एक सांगते. वाळूवर आल्यावर मी घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडले. त्या मुलीला वाटलं, भीतीने. भीती होतीच. पण पाण्यात माझ्या तोंडून तुमचा तो आवाज निघाला, घोड्यांशी बोलायचा, आणि तो मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होते. मला तुम्ही कधी बाय म्हणाला नाहीत, अप्पा. त्या घोड्यांचा मला फार हेवा वाटायचा. अजून वाटतो.