ओटीपीचे उरलेले दोन आकडे

ठमे,

मी शेजारच्या काकूंना घेऊन बँकेत जातेय. भात झालाय, तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस.

सकाळी त्यांची चाळणी परत द्यायला गेले, तर त्या फोनवर कुणाला तरी आकडे वाचून दाखवत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "बँकेचे साहेब आहेत, खातं बंद पडतंय म्हणतात." कार्डाचा नंबर देऊन झाला होता आणि ओटीपीचे दोनच आकडे सांगायचे उरले होते. मी फोन हिसकावूनच घेतला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, वेळ फार थोडा आहे." मी म्हटलं, "मग आमच्यावर कशाला वाया घालवता?" आणि फोन ठेवून दिला.

कार्ड लगेच बंद करून घेतलंय, आता लेखी तक्रार द्यायचीय. काकू अजून स्वतःलाच दोष देताहेत. त्यांना धीर यावा म्हणून सांगितलं, की मीही अशीच फसले होते. हे आजवर मी बाहेर कुणापाशी बोलले नव्हते.

तेव्हा तू रागावली नाहीस, पण माझ्या फोनमधलं बँकेचं अ‍ॅप मात्र गुपचूप काढून टाकलंस. आज ते मी परत घालून घेणार आहे. आणि पिन तुलासुद्धा सांगणार नाही.

आई