तक्रार क्रमांक बेचाळीस

३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि सोबत तीन तक्रारी.

हे सगळं फोनवर सांगत जा असं तू मागे म्हणालीस. फोनवरची तक्रार हवेत जाते. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार नोंदणीत मी चौतीस वर्षं काढली. कागदावर नसलेली तक्रार तिथे मी कुणाची ऐकून घेतली नाही. आता निवृत्तीनंतर मला नव्या सवयी लावू नकोस.

तर तक्रार क्रमांक ३८. तुझ्या बदकाने, म्हणजे बाईसाहेबांनी, शुक्रवारी माझी शब्दकोड्याची पेन्सिल पळवून टबात बुडवली. उभे अकरा आणि आडवे चौदा अजून रिकामे आहेत. सहा महिन्यांसाठी म्हणून तू हे ध्यान माझ्या गळ्यात मारून गेलीस, त्याला येत्या महिन्यात दीड वर्ष होईल.

क्रमांक ३९. टब दिवसातून दोनदा भरावा लागतो. एकदा भरून भागत नाही, पाणी गढूळ दिसलं की बाईसाहेब टबाच्या काठाशी उभं राहून माझ्याकडे बघत राहतात. जन्मभर लोकांच्या गळक्या नळांवरून मी डोकं पिकवलं आणि आता रोज दोन टब पाणी एका पक्ष्याच्या आंघोळीला. कुंड्यांना घालतो मी ते नंतर, पण मनाला लागतंच.

क्रमांक ४०. डावा पाय ओढत ओढत त्या माझ्यामागे पोस्टापर्यंत येतात. त्यांच्या चालीने जायचं म्हणजे दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास. पोस्टातल्या बाई आता माझ्याकडे बघतही नाहीत, काउंटरवरून वाकून आधी त्यांची चौकशी करतात.

परवा आमचा जुना फिटर भेटला. गप्पांत कोऱ्या गल्ल्यांचा विषय निघाला. तुला लहानपणी सांगितलं होतं, आठवत असेल. महिनाअखेरीला बाकीचे कारकून जास्त तक्रारींच्या गल्ल्या मोजायचे, मी मात्र जिथून महिनाभर एकही तक्रार नाही अशी गल्ली शोधायचो आणि या फिटरला तिकडे पिटाळायचो. ओरडणाऱ्या माणसाकडे निदान थोडं तरी पाणी येत असतं. गप्प गल्लीत बहुतेक वेळा नळ कोरडे निघायचे आणि माणसांनी आशा सोडलेली असायची. फिटरने आमच्या साहेबांचीही आठवण काढली. रजिस्टरचा शेवटचा रकाना, 'तक्रारदाराचे समाधान झाले का', मी कायम कोरा ठेवायचो म्हणून ते माझ्यावर खेकसायचे. आता त्याचं काय!

वरच्या मजल्यावरचे शिंपी क्लॅरिनेट शिकू लागले आहेत. अजून सूर सापडलेला नाही, शोध मात्र रोज चालू आहे. वर्तमानपत्रात एक मजेशीर बातमी होती, कात्रण सोबत ठेवतो. एका गृहस्थांनी ग्रंथालयाचं पुस्तक सतरा वर्षांनी परत केलं, तेही भलत्याच ग्रंथालयाला. तिथल्यांनी ते आनंदाने ठेवून घेतलं म्हणे.

जेवण वेळेवर करत जा. लोभ असेलच, नसल्यास लेखी कळवावे.
बाबा


१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आणि एक आनंदाची बातमी.

कात्रण आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या भिंतीवर लावलं. आता ज्याचं काम रेंगाळतं त्याला आम्ही 'सतरा वर्षं' म्हणतो. काल एका आजोबांची कवळी मी तिसऱ्यांदा घासून दिली. त्यांचं म्हणणं, हसताना बरी बसते पण रागावताना टोचते. मी त्यांना म्हटलं, मग थोडं कमी रागवा. ते रागावले आणि कवळी टोचली.

आता बातमी. मला तळमजल्यावरची जागा मिळाली आहे. दोन खोल्या आणि मागे छोटंसं अंगण. अंगण बघितल्या बघितल्या पहिला विचार तुमचाच आला. बाबा, तुमच्या चाळीस तक्रारी मी एका डब्यात जपून ठेवल्या आहेत. परवा सगळ्या ओळीने वाचल्या आणि मलाच माझी लाज वाटली. गुडघे दुखत असताना तुम्ही रोज दोन टब भरता आणि मी इकडे मजेत हसत तुमची पत्रं मैत्रिणींना वाचून दाखवते. प्रशिक्षण सहा महिन्यांचं म्हणून आले, इथेच नोकरी धरली आणि बदकाचं लोढणं तुमच्या गळ्यात तसंच राहिलं.

माझी फुलवाली मैत्रीण रविवारी, २४ तारखेला, तिच्या व्हॅनमधून तुमच्या बाजूला येते आहे. येताना ती बाईसाहेबांना घेऊन येईल. तुम्ही फक्त खोका तयार ठेवा. तुमची सुटका झाली असं समजा.

लोभाचं म्हणाल तर लेखी कळवते की आहे.
तुमची ठमी


१८ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद. पत्र पोचलं. व्यवस्था योग्य आहे. खोका तयार आहे, दोन्ही बाजूंना भोकं पाडली आहेत.

काही सूचना. धान्य सकाळी भिजवून द्यावं, कोरडं दिलं तर त्या ते पायाने उडवतात. कोबी बारीक चिरावा. मटार दिले तर मोजून वीस, नाहीतर जेवण सोडून तेच मागत बसतात. टबातलं पाणी डोकं बुडेल इतकं खोल हवं. पावलं ठेवायला आत एक चपटा दगड ठेव, डाव्या पायाला आधार लागतो. माझा दगड खोक्यात ठेवतो आहे. वादळ झालं की त्या घाबरतात. त्या वेळी काही करायचं नाही, नुसतं जवळ बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. बातमी कुठलीही चालते, शक्यतो बाजारभाव.

दुपारी साडेतीनला त्या दाराशी येतात. ती पोस्टाला जायची वेळ. तुला त्या वेळी काम असेल, त्यामुळे सवय मोडावी लागेल. एकदम मोडू नकोस.

सूचना अपेक्षेपेक्षा लांबल्या. तक्रार काही नाही. फाईल बंद केली.

असो, तब्येतीची काळजी घ्यावी.
बाबा


२७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आणि या वेळी तक्रारी माझ्याकडून.

बाईसाहेब सुखरूप पोचल्या. वाटेत त्यांनी मैत्रिणीच्या शेवंतीचे दोन गठ्ठे फस्त केले. ती म्हणाली, तुम्ही खोका व्हॅनमध्ये स्वतः ठेवलात, दार लावलंत, परत उघडून दगड आहे ना ते बघितलंत आणि मग सरळ आत निघून गेलात. मी म्हटलं, आमचे बाबा असेच आहेत.

इथे बाईसाहेबांचं बस्तान काही बसत नाहीये. तुमच्या सूचना भिंतीवर चिकटवून एकूण एक पाळल्या. मटार वीस मोजले. तरी दुपारी साडेतीनला त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात आणि अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात, चार दिवसांत रुळेल. मीही तेच म्हणते आहे.

तुम्ही आता आराम करा. पेन्सिल तरी जागेवर सापडत असेल. तुमचं सविस्तर पत्र येऊ द्या.
तुमची ठमी


६ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. पेन्सिल जागेवर आहे. कळवण्यासारखं विशेष काही नाही.
बाबा


१५ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एवढंसं पत्र? पाकिटाला सुद्धा वाईट वाटलं असेल. शिंप्यांच्या क्लॅरिनेटचं काय झालं? पोस्टातल्या बाई काय म्हणतात? गुडघे कसे आहेत? मला नीट, नेहमीसारखं लिहा.

बाईसाहेब खातात, पण जेमतेम. काल वादळ झालं तेव्हा मी त्यांना बाजारभाव वाचून दाखवले. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांना ते माझ्या तोंडून नको होते, हे कळत होतं.

वाट बघते.
ठमी


२८ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद. प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. क्लॅरिनेट ठीक आहे, त्रास नाही. पोस्टात हल्ली जाणं होत नाही, हे पत्र शिंप्यांबरोबर पाठवतो. गुडघे ठीक. वर्तमानपत्र वेळेवर येतं. नळ गळत नाही. कशाबद्दलही तक्रार नाही.
बाबा


३ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी लॅबमध्येच उघडलं. समोर कुणाची तरी अर्धी कवळी आणि हातात तुमची सहा वाक्यं, सगळी ठीक. ज्या माणसाने माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात छपाईची चूक अधोरेखित करून पाठवली होती, त्याची कशाबद्दलही तक्रार नाही. क्लॅरिनेटबद्दलसुद्धा नाही. मला एकदम भीती वाटली.

फुलवाली काल पुन्हा तुमच्या बाजूला गेली होती. तिला मीच सांगितलं होतं, सहज डोकावून ये. ती म्हणाली, तुम्ही चहा दिलात, नीट बोललात. मग निघता निघता तिने विचारलं की तुमच्याकडे आणखी एखादं बदक आहे का, कारण मागच्या दाराशी टब काठोकाठ भरलेला होता, पाणी अगदी स्वच्छ. बाबा, नळाचा एक थेंब पडला तरी उठून बघणारे तुम्ही, कुणासाठी तो टब भरता आहात?

मी चुकले. चाळीस तक्रारी वाचून मी त्या शब्दशः घेतल्या. तुमची मुलगी असून मला एवढं कळू नये! पण खरं सांगू का, मी पहिल्यापासून तुमचं सगळं शब्दशःच घेत आले. सातवीत गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा तुम्ही गुणपत्रिका बघून एवढंच विचारलंत की दोन कुठे गेले. तेव्हापासून कितीतरी वर्षं मला वाटायचं, तुमच्या रजिस्टरमधली सगळ्यात जुनी, न मिटलेली तक्रार म्हणजे मीच. म्हणूनही असेल कदाचित, प्रशिक्षण संपल्यावर मी परत आले नाही. हे कधी बोलले नव्हते. कागदावर असलेलंच तुम्ही ऐकता, म्हणून कागदावर लिहिलं.

तर आता खात्याच्या पद्धतीने कळवते. आपल्या गल्लीतून गेला महिनाभर एकही तक्रार आलेली नाही. सबब चौकशीसाठी माणूस पाठवत आहोत. माणूस म्हणजे मी. शनिवारी, ११ तारखेला, दुपारी साडेतीनपर्यंत पोचते. बाईसाहेब आणि त्यांचा दगड सोबत आहेत. त्या तुमच्याकडेच राहणार आहेत. दाराशी उभे राहा.

लोभ आहे. राग होता, तोही या पत्राबरोबर तुमच्याकडे जमा करते.
तुमची ठमी


१४ मे

चि. ठमीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तू काल सोमवारी गेलीस आणि मी आजच लिहायला बसलो आहे. दोन दिवसांत तुझ्याशी तोंडाने काही बोलता आलं नाही. तू विषय काढायचीस आणि मी चहा टाकायला उठायचो. अकरा वेळा चहा झाला, तुझ्याही लक्षात आलं असेल.

आधी चालू कामकाज. तक्रार क्रमांक ४१. बाईसाहेबांनी आल्या दिवशी टबात उडी मारली ती सगळं पाणी माझ्या धोतरावर. आज पोस्टात गेलो तर त्या बाई काउंटर सोडून बाहेर आल्या आणि मागची माणसं ताटकळली. शिंप्यांचं क्लॅरिनेट असह्य आहे. गेला महिनाभर असह्यच होतं, लिहावंसं वाटलं नाही एवढंच. गुडघेही दुखत होते. टब मी रोज भरत होतो, त्याला कारण काही नाही. हातांना सवय होती आणि रिकामा बघवत नव्हता.

आता क्रमांक ४२. ही तक्रार जुनी आहे, तू सातवीत होतीस तेव्हाची.

तक्रारदार: मी. तक्रारीचं स्वरूप: मुलीचे गणितात दोन गुण गेले. केलेली कारवाई: मुलीला विचारणा केली. ही कारवाई चुकीची होती. दुसऱ्या दिवशी मी तुझी गुणपत्रिका ऑफिसात घेऊन गेलो होतो. फिटरला दाखवली, शिपायाला दाखवली, नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने भांडायला आलेल्या एका बाईंनाही दाखवली. त्या भांडण विसरून म्हणाल्या, मुलगी हुशार आहे हो तुमची. मी म्हटलं, आहेच. घरी येऊन ती मुकाट्याने तुझ्या दप्तरात परत ठेवली. तुझ्या आईने बघितलं. तिने मला सांगितलं होतं, हे पोरीला बोला. मी म्हटलं, बोलू सवडीने.

शेवटचा रकाना मी चौतीस वर्षं का भरला नाही, ते साहेबांना सांगितलं नव्हतं, तुला सांगतो. मला तो विचारायची भीती वाटायची. कुणी 'नाही' म्हटलं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या बाबतीतही असंच झालं. तू माझ्यावर खूश आहेस का, हे विचारायचं टाळलं आणि मी तुझ्यावर किती आहे, ते सांगायचंही त्यातच राहून गेलं.

तो रकाना आज भरतो आहे.

तक्रारदाराचे समाधान झाले का: झाले. त्याच दिवशी झाले होते. नोंद करायची राहिली.

लोभ सुरुवातीपासूनच आहे. आता कागदावरही आहे.
बाबा