डर्बनहून ह्यांना आणायचंय

३ फेब्रु., मंगळ.
परत तेच. मी डर्बनचं नाव काढलं की नितीन मोबाईलमध्ये डोकं घालतो. ट्रॅव्हलच्या हापिसात बसून जगाला फिरवून आणतो, आईला न्यायचं म्हटलं की "बघू". वर्ष झालं बघतोय. हे जहाजावर खलाशी. डर्बनच्या धक्क्याला शिडीवरून पाण्यात पडले, सापडलेच नाहीत. इथे दर्भाचा पुतळा करून नितीनने अग्नी दिला. गवताला. माझं मन काय मानलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
नोमुसाचा फोन. झुलू बाई, धक्क्यासमोर तिची खानावळ, हे तिथेच जेवायचे. तिचं इंग्लिश सूनबाई मला सांगते. म्हणाली, सिसी (म्हंजे बहीण), तुझा नवरा अजून पाण्यापाशीच आहे. आमच्यात घरचं माणूस काटेरी फांदी घेऊन जातं, आपल्या बोरासारखंच झाड. माणूस जिथे गेला तिथे उभं राहून हाक मारायची, चल घरी. मग फांदी घेऊन निघायचं, तिच्यावर तो येतो. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. गाडीत त्याची सीट धरायची.
लवकर ये म्हणाली. मोठ्या जहाजांसाठी तो धक्का तोडून भराव टाकणार आहेत.

६, शुक्र.
हापिसातलं डर्बनचं पुस्तक सूनबाईकडून वाचून घेतलं. आधी म्हणे खाडीच्या तोंडाशी वाळू, जहाज आत शिरेना. गाळ उपसत उपसत एवढं बंदर झालं, मागे शहर. उसाचे मळे, तिथे आपल्याकडची माणसं नेली. मग टूरचं: एक दिवस झुलू गाव, नाच, जेवण. पाण्यात कोण कोण गेलं ते कुठेच नाही.
सूनबाई म्हणाली, "आई, फिरायला येणाऱ्यांना ते कशाला सांगतील?"
खरंय.

८, रवि.
घरी न सांगता काशीगावातून बोराची फांदी आणली. उत्तनला गेले. म्हटलं, समुद्र एकच ना. बत्तीस वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय कधी नाव घेतलं नाही, आज मोठ्याने घेतलं. येताना शेअर रिक्षा. बाजूची सीट फांदी ठेवून धरली. वाटेत पालीची मासळीवाली चढली, सरळ ह्यांच्या जागेवर. तोंडातून गेलंच, "ओ बाई, उठा. माणूस बसलाय तिथे."
"कुठं हाय? कोन न्हाय इथं."
बोलले ना मी. मोडलं सगळं.

९, सोम.
नोमुसाला फोनवर सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिथून होत नाही, सिसी, इथूनच न्यावं लागेल.
नितीनने ऐकलं. "आई, टूरवाल्यांना त्या धक्क्यावर सोडत नाहीत. आणि बाबा असे येतात का?"
"गवताला आग लावताना नाही विचारलंस."
ताट सोडून उठला. मी जरा जास्तच…

११, बुध.
नोमुसा धक्क्याच्या कुंपणापर्यंत नेईल. तिथून पाणी दिसतं. तेवढं बस.
फांदी वाळली, काटे तेवढे राहिलेत.
नितीन, ही वही तुझ्या उशीवर उघडी ठेवतेय. मला इंग्लिश येत नाही, आणि गप्प बसता येत नाही ते रविवारी कळलं. फांदी तुलाच धरावी लागेल. जाताना दोन सीट, येताना तीन. शनिवारी दिवेलागणीच्या आत सांग, येतोस का नाही. "बघू" चालणार नाही.