चित्राखालचा महिना

सर, या कागदावर कुठेच महिना घातलेला नाही. मजकूर वाचायच्या आधी तुम्ही ते पाहिलं असतं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला असता. महाडच्या शाळेत तुम्ही तेच करायचात. चित्रकलेच्या तासाला आम्ही मुली जीव ओतून झाड काढायचो आणि तुमची नजर झाड सोडून खालच्या कोपऱ्यात जायची. तिथे जागा आणि महिना नसला की चित्र परत. एकदा मी चिडून विचारलं की चित्र चांगलं असलं म्हणजे झालं ना. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "फाल्गुनातला पळस वेगळा, श्रावणातला वेगळा. महिना नाही लिहिलास तर तुझं खरं चित्रसुद्धा खोटं बोलेल." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, सर जरा चक्रमच आहेत.

तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरही तुम्ही महिना लिहून ठेवला होतात. पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे कोळशाची रेघ आणि तिच्याखाली 'श्रावण'. काकू दरवर्षी भिंतीला चुना देताना तेवढी जागा सोडायच्या आणि कुरकुरायच्या. मी मुंबईला चित्रकला शिकायला निघाले तेव्हा त्याच स्वयंपाकघरात काकूंनी घावने वाढले आणि तुम्ही मला एक वही दिलीत, परीक्षेच्या उरलेल्या कागदांची, जाड दोऱ्यानं स्वतः शिवलेली. ती मी फक्त इकडची, गावाकडची चित्रं काढायला ठेवली. अजून पानं शिल्लक आहेत. तिच्यातल्या एकूण एक चित्राखाली महिना आहे. त्या वहीपुरती मी तुमची विद्यार्थिनी राहिले.

पोलादपूरच्या बाजूला आमच्या गावावरच्या माळावर कातकऱ्यांची वाडी आहे. तुम्ही आमच्या वर्गाला एकदा तिथे नेलं होतंत. माळ सातबाऱ्यावर आमच्या घराच्या नावानं. वाडी मात्र आमच्या पणजोबांच्याही आधीची. हे गावात कुणीही सांगेल, फक्त लिहून देणार नाही. तुम्ही देवाघरी गेलात, त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एका पार्टीनं बंगले बांधायला माळ मागितला आणि माझा भाऊ विकायला तयार झाला. वाडीनं अर्ज केला, की आमच्या घरांखालची जागा गावठाण म्हणून आमच्या नावावर करा. मी तोवर चित्रकार म्हणवून घ्यायला लागले होते आणि वाडीची बाजू घ्यायची मला भारी हौस होती. म्हटलं, असं चित्र काढते की बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे. वीर स्टेशनला गाडीतून उतरले, रिक्षानं महाड गाठलं, एसटी धरली आणि भर माघात माळावर जाऊन उभी राहिले.

वाडीत कुणीच नव्हतं. दिवाळी झाली की अख्खी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते, हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होते. पण दारांना लावलेल्या करवंदीच्या काट्या, अंगणातली गार चूल, उंबऱ्याशी पालथा घातलेला पाटा हे सगळं मला इतकं देखणं दिसलं की मी तिथेच फतकल मारून बसले आणि वहीत काढून घेतलं. मुंबईला जाऊन त्याचं मोठं चित्र केलं. त्यात महिना घातला नाही, कारण कोपऱ्यातली अक्षरं डोळ्याला टोचत होती. नाव दिलं 'ओसाड'. आदिवासींच्या जमिनींसाठी भरवलेल्या प्रदर्शनात त्याच्यापुढे एका बाईंनी डोळे पुसले, आणि चित्र पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापून आलं. मी फुशारकीनं ती पुस्तिका भावालाही पाठवली. त्यानं ती जपून ठेवली, सर, पण कौतुकानं नव्हे.

वाडीच्या अर्जाची सुनावणी लागली तेव्हा त्यानं ती कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, हे माज्या सख्ख्या बहिनीनं काडलंय. ती तर त्यांच्याच बाजूची हाय. तीच म्हनते, वाडी ओसाड हाय." म्हणून मला बोलावणं आलं. समोरच्या बाकावर वाडीतली एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही एकाच जाळीतली करवंदं खाल्लेली. ती भट्टीवरून आली होती, नखांत कोळसा तसाच. तिनं पुस्तिका हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि चित्रातल्या पाट्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "साहेब, पाटा पालथा हाय बघा. घर सोडून जानारा पाटा डोक्यावर घेऊन जातो. परत येनारा पालथा घालून जातो." मी तो पाटा नुसता आकार आवडला म्हणून काढला होता. चित्र माझं, पण ते वाचता तिला आलं.

साहेबांनी मान डोलावली आणि मला एकच प्रश्न विचारला, हे चित्र कोणत्या महिन्यात काढलंत. तुमचाच प्रश्न, सर. त्या दिवशी सकाळी चहा पिताना भाऊ शांतपणे म्हणाला होता, "तुला काय बोलायचं ता बोल. मंग भाऊबीजेला मातर येव नुको." आईवडील गेले, आता माहेर म्हणजे तो एकटाच. मी तोंडात मिठाची गुळणी धरली असती तरी बरं झालं असतं. मी बोलले. नक्की आठवत नाही, असं म्हणाले. कारकुनानं तेवढंच लिहून घेतलं. वाडी ओसाड असं धरून अर्ज फेटाळला गेला आणि दोन महिन्यांत माळाला तारेचं कुंपण पडलं. मला लाज वाटते, आणि हे लिहितानाही मी तुमच्यासमोर चांगली दिसावी म्हणून शब्द निवडते आहे, त्याचीही वाटते.

यंदा भाऊबीजेला गेले. भावानं साडी घेतली होती, चांगली होती. दुसऱ्या दिवशी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते, तर वाडी भट्टीला निघालेली. ती बाई पुढे होती आणि तिच्या डोक्यावर पाटा होता. मी पाट्याकडे बघते आहे हे तिनं पाहिलं. म्हणाली, "कुंपन हाय ना, बाय. मागारी येऊ तवा घर आसंल का नाय, कुनाला ठावं." मग तिनं सांगितलं की वरच्या कचेरीत अपील टाकलंय, तारीख माघातली लागलीय, तेव्हा सगळे भट्टीवर असणार आणि काम सोडून आलं तर मुकादम परत घेत नाही. "तू जाशील काय गो? तुला म्हयना ठावं हाय." इतकंच. मागचं काही बोलली नाही. मी म्हणाले, बघते.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला फरश्या बसवल्यात. ती रेघ गेली. कागद घडी करून वहीतच ठेवेन. एक सांगायचं टाळत इथवर आले. साहेबांनी महिना विचारला तेव्हा ती वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. चित्राखाली, तुम्ही शिकवलं होतंत तसं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: वाडी, माघ. माणसं भट्टीवर.