ओल्या गाडीचा फोटो, चिंधीतलं लोहचुंबक आणि घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या जर्मन गाड्यांची पारख, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच हस्ताक्षरात लिहीत आहे. कोणी दंडाला धरून बसवलेलं नाही. अकरा वर्षं या खुर्चीत आहे तो पाठीच्या कण्यामुळे. डोकं शाबूत असल्याचा पुरावा हवा असेल, तर कालच्या जाहिरातीचा निकाल पाहावा. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. गिऱ्हाइकाला एका शब्दात कळवलं, नको.

इंटरनेटवर विकायला काढलेल्या गाड्यांच्या जाहिराती लोक मला पाठवतात आणि विचारतात, घेऊ का? शंभरातल्या नव्वदांना मी नको म्हणतो, म्हणून माझं नाव नकोकाका पडलं. ते नाव मला मान्य आहे. वारसाहक्काने कोणाला द्यायचं नाही.

कलम एक. लांब दांड्याचा आरसा, टॉर्च आणि चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक माझ्या एकुलत्या एक मुलीला. पाठीने दगा दिल्यापासून गाड्या बघायला तीच जाते. ती गाडीखाली झोपते आणि मी इथे फोनच्या पडद्यावर बघतो. "बाबा, इथे चिकटत नाहीये." "मग तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. ऊठ, घरी ये." तिची आई गेल्यापासून आमच्यात याखेरीज फारसं बोलणं झालेलं नाही. मुलगी आता एकेचाळीस वर्षांची आहे.

कलम दोन. मागच्या शेडमधली क्रीम रंगाची जर्मन गाडी घराबरोबर जाईल. ही मी चौदा वर्षांपूर्वी जाहिरात बघून घेतली. विकणाऱ्याने फोटो काढण्याआधी तिच्यावर पाणी मारलं होतं. ओल्या गाडीचा फोटो दिसला की पान बंद करायचं, कारण पाण्याखाली रंगातला फरक झाकला जातो, हे मी जगाला सांगत आलो. पण मुलीच्या आईला तो रंग आवडला आणि मी न बघता पैसे भरले. गाडी सुकल्यावर उजवी बाजू वेगळ्या रंगाची निघाली आणि पायाखालची चटई उचलली तर खालची जमीन दिसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पदरी पडलं पवित्र झालं म्हणून ठेवली. माझा दोस्त पत्रेवाला याने तिला जी ठिगळं लावली, त्याबद्दल मी त्याला माफ करतो. त्याने मला पाजलेल्या चहाची फेड झाली असं समजावं.

कलम तीन. धाकट्या भावाला माझा मोजायचा टेप. बारा वर्षांपूर्वी त्याने आपल्या वाट्याच्या जागेत भिंत घातली आणि शेडपासून रस्त्यापर्यंतचा बोळ गाडीपेक्षा चार बोटं अरुंद झाला. तेव्हापासून गाडी आतच आहे. मी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "दादा, गाडी विकणार असशील तर उद्या भिंत पाडतो." मी म्हणालो, "विकणार नाही." "मग कशाला हवाय रस्ता तुला?" त्या दिवसापासून मी अबोला धरला. तो अजून चालू आहे. खिडकीतून मला भिंत दिसते आणि भिंतीच्या टोकाला उघड्या शेडमधल्या गाडीचं छत. दिवसभर तेवढंच दिसतं.

कलम चार. हे घर मुलीला. अट अशी की तिने ते विकू नये, भाड्याने देऊ नये, इथेच राहावं, गाडी सांभाळावी आणि धंदा माझ्याच नावाने चालवावा. अट मोडली, किंवा काही कारणाने हे देणं रद्द झालं, तर घर धाकट्या भावाला जाईल. हे मी मुद्दाम लिहिलं आहे. काकाच्या घशात घर जाऊ नये म्हणून तरी ती राहील.

वकीलबाईंनी बजावलं आहे की ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदाराची सही करायची नाही, केली तर त्याला मिळालेलं सगळं बाद. म्हणून साक्षीला पत्रेवाला आणि समोरचा औषधवाला यांना बोलावलं आहे.

कलम पाच. हे मालमत्तेबद्दल नाही. सहा वर्षांपूर्वी दूरच्या शहरातून एका कारखानदाराचा फोन आला होता. तो जुन्या गाड्या उघडून नव्याने उभ्या करतो. माझ्या मुलीने तपासलेल्या तीन गाड्या त्याच्याकडे गेल्या होत्या. तो म्हणाला, "असा डोळा मी पाहिला नाही. त्यांना पाठवा. पगार देतो, राहायला खोली देतो." मुलगी तेव्हा न्हाणीघरात माझे कपडे धूत होती. पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "तिला नको आहे." तिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. ती गेली असती तर मला या खुर्चीतून कोणी उठवलं असतं? मला भीती वाटली, एवढंच खरं कारण. त्याचा नंबर त्या ओल्या गाडीच्या छापून घेतलेल्या फोटोमागे लिहिलेला आहे. फोटो टेबलाच्या खणात आहे. का ठेवला ते माहीत नाही. माझ्यामागे तोही मुलीला द्यावा.

पुरवणी, सह्यांच्या वेळी लिहिलेली.

औषधवाल्याच्या दुकानात गर्दी होती, तो आला नाही. मुलगी चहाचे कप न्यायला आत आली होती. म्हणाली, "आणा, मी करते सही." मी म्हणालो, "तुला चालत नाही." तिने कागद उचलले. मी हात पुढे केला, पण खुर्चीतून तिच्यापर्यंत पोचत नाही.

"हे तुझ्यासाठी नाही," मी म्हणालो. "म्हणजे आत्ता नाही."

"खाली वाकून पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

तिने उभ्यानेच वाचलं. पत्रेवाला खिडकीबाहेर बघत राहिला. पाचव्या कलमाला ती पलंगावर बसली. मग तिने विचारलं, "खोलीसुद्धा देणार होते?"

"हो."

"रस्त्याच्या बाजूची होती का हो?"

"मी विचारलं नाही."

तिने खण उघडून फोटो काढला, मागची बाजू बघितली आणि ओढणीच्या टोकाने पुसली. मग पेन घेतलं.

"अगं, सही केलीस तर घर काकाकडे जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. ते भिंत पाडतील. गाडी तरी बाहेर निघेल."

"आणि मी?"

"तुमच्यासाठी माणूस बघून ठेवीन, मगच जाईन. तपासून घेईन, काळजी करू नका."

पत्रेवाला म्हणाला, "दोस्ता, फाड हा कागद, दुसरा लिही. अट काढून टाक, पोरीला घर तसंच दे." मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "दिलंत तरी नको, बाबा," आणि तिने सही केली. मला रडू आलं. लपवलं नाही. मग मीही सही केली, कारण तिच्या पारखीत आजवर चूक निघालेली नाही.

लिहून देणार: (सही) नकोकाका

साक्षीदार एक: (सही) पत्रेवाला. ठिगळं चांगली होती.

साक्षीदार दोन: (सही) मुलगी

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळ. दिनांक अकरा मार्च, सकाळचे सव्वादहा.

साक्षीदार दोन यांचा शेरा, त्यांच्याच अक्षरात: खाली वाकून सगळं पाहिलं. नको.